थांब, अम्मीकडे देतो...

मिरजेच्या बाजारपेठेतल्या एका बोळात दहा बाय बारा फुटांचं टेलरिंगचं दुकान आहे. पंधरावा रोजा झाला की दारावर पुठ्ठ्याची पाटी लागते, ‘ईदच्या ऑर्डरी बंद’. पाटी लागली म्हणून काम थांबत नाही. तरावीहची नमाज आटोपून दुकानमालक परत येतात, दिवा लावतात आणि सहेरीची वेळ होईपर्यंत मशीन चालू राहते. वय सत्तरीचं. चाळीस वर्षांहून अधिक काळ हेच चाललं आहे. आषाढीआधी वारकऱ्यांचे पांढरे नेहरू शर्ट, लग्नसराईत सफारी, रमजानमध्ये पठाणी आणि कुर्ते. गावातल्या कितीतरी माणसांची छाती, खांदा आणि गळा त्यांना तोंडपाठ आहे. बोलणं मात्र अगदी मापात. गिऱ्हाईकाशीही आणि घरातही.

त्यांचा मुलगा पुण्यात एका कंपनीत हिशेबाचं काम बघतो. वय बेचाळीस, दोन मुलं, सोसायटीत फ्लॅट. लहानपणच्या ईदची त्याची आठवण एकच आहे. चाँदरात. सगळ्या मोहल्ल्यातल्या पोरांचे कपडे शिवून झालेले, घरच्या पोराचा कुर्ता अजून कापायचाच. रात्री अकरा-बाराला अब्बा त्याला झोपेतून उठवायचे, मशीनजवळ उभं करायचे आणि छातीभोवती टेप टाकायचे. तेवढा एक क्षण अब्बांचे दोन्ही हात त्याच्याभोवती असत. मग टेप सुटायची, आकडा वहीत जायचा आणि मुलगा पुन्हा अंथरुणात. अब्बांची मिठी म्हणून त्याला आठवतं ते एवढंच.

पण प्रेम नव्हतं असं नाही. दहावीच्या परीक्षेला केंद्रापर्यंत सायकलवर सोडणारे अब्बाच होते आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर झाडाखाली थांबणारेही तेच. पेपर कसा गेला, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. ते काम अम्मीचं. त्या घरात अम्मी दुभाषी होती. “अब्बा विचारत होते, कधी येणार म्हणून,” असं ती फोनवर सांगायची. अब्बांनी तसं काही विचारलेलं नसायचं. दुपारी जेवताना त्यांनी कॅलेंडरकडे एकदा बघितलेलं असायचं, एवढंच. अम्मी त्या बघण्याचं भाषांतर करायची. आणि चुकून फोन अब्बांनी उचललाच तर पलीकडून एक ठरलेलं वाक्य यायचं, “थांब, अम्मीकडे देतो.”

तीन वर्षांपूर्वी अम्मी गेली. तिच्याविना आलेल्या पहिल्या रमजानमध्ये मुलाने एका संध्याकाळी इफ्तारच्या आधी फोन लावला. रोजा कसा चाललाय? बरा. तब्येत? ठीक. पोरं? मजेत. विषय संपले. मग सवयीने अब्बा बोलून गेले, “थांब, अम्मी...” आणि थांबले. दोन्हीकडे कोणीच काही बोललं नाही. पलीकडच्या मशिदीत कोणीतरी माइक तपासत होतं, तो आवाज तेवढा ऐकू येत राहिला. मग फोन ठेवला गेला. मुलाने स्क्रीनकडे पाहिलं. बेचाळीस सेकंद.

हे घर मिरजेतलं, आणि म्हणून ‘अम्मी’. पण ‘थांब, आईकडे देतो’ हे वाक्य ज्या घरात कधी ऐकू आलं नाही, असं घर या गावात शोधावंच लागेल. मोहल्ला कोणताही असो, जात-धर्म कोणताही असो, एका पिढीच्या वडिलांना बोलता आलं नाही हे सगळीकडचं सत्य आहे. त्याला कारणंही तशीच होती. एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांसमोर स्वतःच्या पोराला कडेवर घेणं लाजेचं मानलं जाई. भावाच्या मुलाचे लाड करावेत, आपल्या मुलाला दुरूनच बघावं, ही रीत. लाडाने पोर बिघडतं आणि धाकाने घडतं, ही समजूत. त्यात हातावरचं पोट. जो माणूस बारा-चौदा तास मशीनवर वाकलेला असतो, त्याची माया ताटातल्या भाकरीत आणि वेळेवर भरलेल्या फीमध्ये उतरते. शब्दांपर्यंत ती पोहोचतच नाही. पुढे मुलं मोठी होतात, दूर जातात, आणि मग दोन पुरुष एकमेकांसमोर बसलेले असतात. एकाला सांगता येत नाही, दुसऱ्याला विचारता येत नाही.

बेचाळीस सेकंदांचा तो फोन मुलाच्या मनातून वर्षभर गेला नाही. गेल्या रमजानमध्ये त्याने ठरवलं, या महिन्यात दर शनिवारी-रविवारी मिरजेला जायचं आणि अब्बांना आपलं प्रेम कळेल असं काहीतरी करायचं. त्याने हे एका मित्राला सांगितलं, तेव्हा मित्र हसला. म्हणाला, “ठरवून केलेलं प्रेम खोटं असतं. आतून यायला पाहिजे.”

हा आक्षेप पुष्कळांच्या मनात असतो, म्हणून त्याचा विचार करायला हवा. रमजानचा रोजा तरी आतून कुठे येतो? पहाटे उठून दिवसभर तहानलेलं राहावं असं शरीराला कधीच वाटत नाही. माणूस नीयत करतो, म्हणजे मनाशी ठरवतो, आणि मग उपाशी राहतो. पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते. दहाव्या दिवशी शरीर रुळतं. शेवटच्या दहा दिवसांत तर महिना संपत आल्याची हुरहूर लागते. आधी कृती, मागून मन, असाच हा क्रम आहे. इमाम बुखारींच्या हदीससंग्रहाची सुरुवातच ज्या हदीसने होते, तिचा आशय हाच आहे की कर्माचं मोल नीयतीवर ठरतं. ठरवून केलं म्हणून ते खोटं होत नाही.

आणि सांगण्याची गरज काय, कळतंच की, या समजुतीलाही त्या परंपरेत उत्तर आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्याजवळ बसलेल्या एका माणसाने वाटेने जाणाऱ्या दुसऱ्याकडे बघून सांगितलं, की माझं त्याच्यावर प्रेम आहे. पैगंबरांनी विचारलं, त्याला तसं सांगितलंस का? तो नाही म्हणाला. तेव्हा त्यांनी त्याला उठवून सांगायला पाठवलं. एकदा ते आपला नातू हसन याचा पापा घेत होते. तिथे बसलेले अकरा बिन हाबिस म्हणाले, की आपल्याला दहा मुलं आहेत, पण आपण कधी एकाचाही पापा घेतलेला नाही. पैगंबरांना ते आवडलं नाही. जो दया करत नाही त्याच्यावर दया केली जात नाही, या आशयाचं उत्तर त्यांनी दिलं. म्हणजे अबोल बाप ही काही आजची गोष्ट नाही. चौदाशे वर्षांपूर्वीच्या अरबस्तानातही ती मर्दानगी समजली जात होती आणि तेव्हाही तिला कोणीतरी हटकलं होतं.

आणखी एक आठवण हजरत आयेशा यांनी सांगितलेली आहे. फातिमा वडिलांकडे आल्या की पैगंबर उठून उभे राहत, त्यांचा हात हातात घेत, त्यांचं चुंबन घेत आणि त्यांना आपल्या जागेवर बसवत. आणि पैगंबर फातिमांच्या घरी गेले की फातिमाही उठून तसंच करत. यात भाषणं नाहीत, कबुल्या नाहीत. उठणं, हात धरणं आणि जागा देणं. अबोल माणसालाही ही भाषा समजते.

मुलाच्या पहिल्या शनिवारचं मात्र फार हसं झालं. त्याने पुण्याहून महागडा मोबाइल आणला होता. अब्बांनी खोका हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, किंमत विचारली आणि कपाटात अम्मीच्या साड्यांखाली ठेवून दिला. रात्री मुलाने धीर एकवटला. व्हिडिओत लोक सांगतात तसं अब्बांच्या डोळ्यांत बघून, इंग्रजीत, ते तीन शब्द बोलून टाकले. अब्बा काही क्षण बघत राहिले. मग काळजीने विचारलं, “तब्येत ठीक आहे ना? नोकरीत काही झालं का?”

दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या किराणा दुकानात बसला होता. तिथले काका माळकरी. दरवर्षी वारीचा नेहरू शर्ट अब्बांकडूनच शिवून घेणारे. दोघांची मैत्री तीस वर्षांची आणि तीही फारसं न बोलण्याची. मुलाची रडकथा ऐकून काका म्हणाले, “अरे, पुंडलिक आधी कसा होता ते माहीत आहे ना? आई-बापाला विचारत नव्हता. मग सुधारला आणि सेवेला लागला. दारात देव आला तरी उठला नाही, वीट फेकली आणि थांब म्हणाला. देव अजून थांबलाय. पण पुंडलिकाने बापाला काय सांगितलं, हे कुठे ऐकलंयस का? तो पाय चेपत होता. तू तुझ्या भाषेत बोलतोयस. त्याच्या भाषेत बोल की.”

अब्बांची भाषा कोणती, हे बघायला मुलगा दुकानात जाऊन बसला. वयाच्या अठराव्या वर्षानंतर प्रथमच. इतकी वर्षं त्याच्या लक्षात न आलेली एक गोष्ट तासाभरात लक्षात आली. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही अब्बांना सुईत दोरा ओवायला त्रास होत होता. तुरपाईची, काजा-बटणांची सुई रिकामी झाली की ते दारात उभे राहत आणि बोळातल्या एखाद्या पोराला हाक मारत. पोरं शाळेत असली की सुई हातात धरून तसेच बसून राहत. कोणाला सांगितलं नव्हतं. फोनवर ‘तब्येत ठीक’ यात हेही आलं होतं.

मुलगा काहीच बोलला नाही. रविवारी संध्याकाळी पुण्याची गाडी पकडण्याआधी त्याने बारा सुया ओवल्या. पांढरा, काळा, क्रीम, दोरे चांगले लांब ठेवले आणि टाचण्यांच्या गादीवर ओळीने खोचून ठेवले. पुढच्या शनिवारी पहाटे, रेल्वेच्या डब्यातच सहेरी करून तो उतरला आणि दुकान उघडल्यावर आत गेला. गादीवर बाराही सुया रिकाम्या होऊन, तशाच ओळीने खोचलेल्या होत्या. शेजारी तीन रिळं मांडून ठेवलेली. अब्बा पाठमोरे कापड कापत होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. पण रिळं आपोआप तिथे आलेली नव्हती.

त्यानंतरचं सगळं असंच लहान लहान होतं. तो रोज इफ्तारच्या वीस मिनिटं आधी फोन करू लागला. ‘कसे आहात’ हा प्रश्न त्याने सोडून दिला, कारण त्याचं उत्तर एका शब्दात संपतं. त्याऐवजी तो विचारी, शर्टाची कॉलर आतून फाटली तर उलटवून लावता येते का? सुती कापड कापण्याआधी भिजवायचं किती वेळ? अब्बा सांगू लागले. कॉलरच्या उत्तराला चार मिनिटं लागली. मिरजेला असताना अब्बा मशिदीतून आले की तो उठून उभा राही, हातातली टोपी-पिशवी घेई आणि पंख्याखालची खुर्ची पुढे करी. पहिल्यांदा अब्बा दचकले. “कोण आलंय?” म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं. तरावीहनंतर तो त्यांच्या पायाला तेल लावी. पहिल्या रात्री पाय आखडून घेतले, “नक्को नक्को” झालं. दुसऱ्या रात्री पाय तसाच राहिला. तिसऱ्या रात्री अब्बांनी तेलाची बाटली आधीच खाटेजवळ आणून ठेवली होती.

या एका घरातून इतरांनीही काही उचलण्यासारखं आहे. अबोल माणसाला समोरासमोर बसवून मन मोकळं करायला लावणं म्हणजे त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं. त्यापेक्षा त्याच्या शेजारी, त्याच्या कामात बसावं. तो ज्या गोष्टीत जाणकार आहे, तीच त्याला विचारावी. शेती, गाडीचं इंजिन, जुन्या गावातले रस्ते, काहीही. त्याला द्यावं तसं त्याच्याकडून मागावंही, कारण आयुष्यभर ज्याने देऊनच प्रेम केलं, त्याच्याकडून घेणं बंद झालं की त्याची भाषाच बंद पडते. आणि परतफेडीची वाट बघू नये. रोजा ठेवून संध्याकाळी कोणी बक्षीस मागत नाही, तसंच हे. पवित्र कुरआनच्या सतराव्या सूरहमध्ये आई-वडील म्हाताऱ्या वयाला पोहोचले तर त्यांना ‘उफ’सुद्धा म्हणू नये, असं सांगितलं आहे. पुढच्याच आयतमध्ये त्यांच्यापुढे दयेने पंख खाली झुकवण्याची उपमा येते. वडील कडेवर घेणारे असतील तरच, अशी अट तिथे घातलेली नाही.

मात्र एक फरक लक्षात ठेवायला हवा. अबोल असणं वेगळं आणि जाच करणं वेगळं. काही घरांत बापाचं मौन हे मौन नव्हतं, दहशत होती. मार होता, अपमान होता. अशा घरातल्या मुलाला किंवा मुलीला कोणी लेखातून उपदेश करू नये. त्यांनी जवळ किती जायचं आणि लांब किती राहायचं, हे त्यांनीच ठरवावं. दुरून केलेली विचारपूस, आजारपणात पोहोचवलेलं औषध, मनातल्या मनात केलेली दुआ, हीही सेवाच आहे. हा लेख आहे तो दुसऱ्या घरांसाठी, जिथे प्रेम दोन्हीकडे आहे आणि फक्त वाट सापडत नाही.

आणि वेळही फार नसतो. तिरमिजींच्या संग्रहातल्या एका हदीसमध्ये तीन करंट्या माणसांचा उल्लेख आहे. त्यातला एक, ज्याच्या आयुष्यात रमजान आला आणि क्षमा न मिळवताच निघून गेला. दुसरा, ज्याचे आई-वडील त्याच्यासमोर म्हातारे झाले आणि तरीही त्यांच्यामुळे त्याला जन्नत मिळाली नाही. महिना आणि म्हातारपण, दोन्ही एकाच हदीसमध्ये यावेत हे उगीच नसावं. दोन्ही येतात तेव्हा भरपूर वेळ आहे असं वाटतं. दोन्ही थोडेच दिवस मुक्कामाला असतात.

विसाव्या रोजानंतरच्या शनिवारी मुलगा अब्बांना म्हणाला, “अब्बा, या ईदला मला तुमच्या हातचा कुर्ता पाहिजे.” त्याचे सगळे कुर्ते गेली पंधरा वर्षं पुण्यातल्या दुकानांतून तयार विकत घेतलेले होते. अब्बांनी चष्म्यावरून दाराकडे बोट दाखवलं. “पाटी वाचता येत नाही का? ऑर्डर बंद.” मुलगा हसला. विषय तिथेच राहिला.

चाँदरातीला सगळं घर मिरजेत होतं. बाजार फुललेला, शेवया-खजुराच्या गाड्या, बांगड्यांची दुकानं. सून स्वयंपाकघरात शिरखुर्म्याचा सुका मेवा कापत होती. रात्री साडेअकराला शेवटचं गिऱ्हाईक गेलं आणि अब्बांनी नातवाकरवी निरोप पाठवला, बापाला बोलाव. मुलगा दुकानात गेला तेव्हा टेबलावर पांढरं सुती कापड अंथरलेलं होतं. धुऊन, वाळवून, इस्त्री केलेलं. म्हणजे निदान दोन दिवसांपूर्वी आणून भिजवलेलं.

“उभा राहा,” अब्बा म्हणाले.

लांबी झाली. खांदा झाला. बाही झाली. मग अब्बांनी छातीभोवती टेप टाकली. त्यांचे दोन्ही हात मुलाच्या पाठीमागे गेले, आणि मुलाने आपले हात उचलून त्यांच्याभोवती टाकले. ठरवून. महिनाभर त्याने या क्षणाचाच विचार केला होता, हे त्याने नंतर बायकोला सांगितलं. अब्बा ताठ झाले. टेपचं टोक त्यांच्या बोटांतून सुटलं. बाहेर बोळातून पोरं ‘चाँद मुबारक’ ओरडत धावत गेली. अब्बांनी मुलाला दूर केलं नाही. बऱ्याच वेळाने, हळू आवाजात, ते एवढंच म्हणाले,

“हलू नको. माप चुकतं.”

सकाळी ईदगाहवर मुलगा तो कुर्ता घालून गेला. नमाजनंतर गळाभेटी झाल्या, तेव्हा शेजारच्या किराणावाल्या काकांनी, जे दरवर्षी ईदगाहच्या वाटेवर मुबारकबाद द्यायला थांबतात, कुर्त्याकडे निरखून पाहिलं आणि अब्बांना डिवचलं, “काय मास्तर, चाळीस वर्षांत पहिल्यांदा चुकलात. छातीत चांगला दीड इंच सैल झालाय.”

अब्बा काही बोलले नाहीत. मुलाने तो कुर्ता दुरुस्त करून घेतलेला नाही.